थ्री नॉट थ्री आणि तीनशे पंधरा : एकाला परवाना मिळतो, दुसऱ्याला का नाही?

ठाण्यात जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की माळ्यावरून काय काय खाली येतं. पाटा-वरवंटा, पितळी समया, आणि क्वचित एखाद्या घरात आजोबांचा काडतुसांचा पट्टा. आजोबा मुरबाड-शहापूरकडचे, शिकारीचे शौकीन, रायफलीचा रीतसर परवाना असलेले. पट्ट्यातली बहुतेक काडतुसं .३१५ ची असतात (हा आकडा म्हणजे नळीचं इंचातलं माप) आणि मध्येच एखादं .३०३, म्हणजे थ्री नॉट थ्री, खोचलेलं असतं. घरच्यांच्या लेखी सगळी सारखीच.

शेजारी ठेवून पाहिली तर फरक दिसतो. दोन्हींची पुंगळी पितळी, दोन्हींच्या बुडाला बाहेर आलेली कड. पण .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब आणि तिची लष्करी गोळी टोकदार, वरपासून खालपर्यंत धातूच्या कवचातली. .३१५ ची पुंगळी ५० मिलिमीटर, गोळी जाड, नाक गोलसर, आणि बऱ्याचदा नाकाशी शिसं उघडं. दोन्ही गोळ्यांच्या जाडीत जेमतेम केसाचा फरक.

मग कायद्यात एवढी दरी कशी? ही इंग्रजांची करामत. .३०३ हे त्यांच्या फौजेचं काडतूस. फौजेतून चोरलेला माल खासगी रायफलीत चालू नये, म्हणून नागरिकांना वेगळ्या मापाची रायफल द्यायची, हा हिशोब. पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातून निघालेली .३१५ स्पोर्टिंग रायफल त्याच मापाची. आजच्या शस्त्र नियम, २०१६ मध्येही तोच धागा आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची फौजी काडतुसं ज्यात बसतात त्या रायफली, आणि फौजी ९ मिलिमीटरची काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं, पहिल्या वर्गात मोडतात. त्यांची काडतुसंही त्यांच्याबरोबरच. बोलीभाषेत हे ‘पीबी’, म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, निषिद्ध मापाची नळी. .३१५ची रायफल, .३२चं रिव्हॉल्व्हर, बारा बोअरची बंदूक हे ‘एनपीबी’, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. एनपीबीचा परवाना ठाणे शहरात किंवा नवी मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे मागायचा, मुरबाडला जिल्हाधिकाऱ्यांकडे. पीबीसाठी थेट दिल्ली, केंद्रीय गृह मंत्रालय.

म्हणजे कोणती गोळी जास्त घातक, हा प्रश्न इथे नाहीच. उलट मऊ नाकाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते आणि मोठी जखम करते. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशा गोळ्या .३०३ साठीच तयार झाल्या आणि १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने त्या युद्धात वापरायला बंदी घातली. शिकारीच्या काडतुसात मात्र मऊ नाक सर्रास चालतं. मला यात थोडी गंमतच वाटते.

आणखी एक घोळ ‘निषिद्ध’ या शब्दाने होतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येतला निषिद्ध दारूगोळा म्हणजे विषारी वायू किंवा द्रव भरलेला किंवा भरण्यासाठी बनवलेला, शिवाय रॉकेट, बॉम्ब, हातबॉम्ब, आणि केंद्राने अधिसूचना काढून त्यात घातलेल्या वस्तू. तो केंद्राच्या खास परवानगीशिवाय बाळगला तर ७ ते १४ वर्षं. साधं एनपीबी काडतूसही विनापरवाना सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षं. बंदूक जवळ नव्हती, नुसतं काडतूस होतं, ही सबब चालत नाही. कलम ३ मध्ये दोन्हींचा उल्लेख आहे. आणि .३१५ चा परवाना खिशात आहे म्हणून .३०३ बाळगता येत नाही. ज्या बोअरची नोंद, त्याचीच काडतुसं.

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सांगितलं की ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो. जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं काडतूस विमानतळावरच्या एक्स-रेत दिसलं, तर वकील हाच मुद्दा मांडतात. पण तोवर गुन्हा दाखल होऊन विमान गेलेलं असतं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली आहेत, तेव्हा आजोबांची बॅग वापरणाऱ्यांनी कप्पे उलटे करून झटकावेत.

विक्रीत तर भलेभले परवानाधारक चुकतात. बाळगायचा परवाना म्हणजे विकायचा नव्हे. धंदा करायला डीलरचा वेगळा परवाना लागतो. विनापरवाना विक्रीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. स्वतःच्या वापरासाठीचा माल दुसऱ्या परवानाधारकाला देता येतो, पण आधी घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं आणि ४५ दिवस थांबायचं. ‘तुझ्याकडेही .३१५ आहे ना, घे ही दहा राउंड’ हा दोस्ताना कायद्यात बसत नाही.

आजोबा गेले की त्यांच्या परवान्यावर वारसांना काही बाळगता येत नाही. कलम २१ प्रमाणे पट्टा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचा. अटी पाळून परवानाधारक डीलरकडेही ठेवता येतो. आधी पोलीस ठाण्यात फोन करून कसं आणायचं ते विचारावं, आजोबांचा जुना परवाना सोबत न्यावा, आणि पोच घेताना .३१५ किती, .३०३ किती, हे वेगवेगळं लिहून घ्यावं.