जॉन प्राइन

(१० ऑक्टोबर १९४६ – ७ एप्रिल २०२०). अमेरिकन गायक-गीतकार आणि गिटारवादक. फोक, कंट्री आणि रॉक या तिन्ही प्रवाहांत त्याची गणना होते. जन्म शिकागोलगतच्या मेवुड येथे. आईवडील मूळचे केंटकीतील कोळसापट्ट्यातले. चौदाव्या वर्षी थोरल्या भावाकडून तो गिटार शिकला. सैन्यात असताना पश्चिम जर्मनीत त्याने मेकॅनिकचे काम केले आणि परतल्यावर पोस्टमनची नोकरी धरली. पत्रे वाटता वाटता त्याची गाणी मनात तयार होत. शिकागोतील ‘फिफ्थ पेग’ या क्लबमध्ये तो गात असताना चित्रपट-समीक्षक रॉजर एबर्टने ते ऐकले आणि १९७० साली या ‘गाणाऱ्या पोस्टमन’वर वृत्तपत्रात लेख लिहिला. एबर्ट तेथे आला होता खरा तर बिअर प्यायला.

कंट्री गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसनने पाठराखण केल्याने १९७१ मध्ये पहिला अल्बम निघाला. पंचविशीच्या आतल्या या मुलाची त्यातली पात्रे मात्र थकलेली, मागे पडलेली आहेत. ‘सॅम स्टोन’मध्ये व्हिएतनामहून व्यसन घेऊन आलेला सैनिक दिसतो तो त्याच्या पोरांच्या नजरेने: घरातला पैसा बापाच्या दंडावरच्या छिद्रातून वाहून जातो. ‘हॅलो इन देअर’मध्ये बोलायला कोणी न उरलेले वृद्ध जोडपे आहे, तर ‘पॅराडाइज’मध्ये खाणीने गिळलेले, वडिलांच्या आठवणीतले गाव. ‘एंजल फ्रॉम माँटगोमेरी’ गायिका बॉनी रेटने गाऊन सर्वदूर नेले.

मोठ्या कंपन्यांत त्याचे रेकॉर्ड बेताचेच खपले. १९८१ मध्ये व्यवस्थापक अल बुनेटाच्या साथीने त्याने ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. पुढच्या अल्बमसाठी चाहते आगाऊ पैसे टपालाने पाठवत. ‘द मिसिंग इयर्स’ला (१९९१) ग्रॅमी हे संगीतक्षेत्रातील पारितोषिक मिळाले.

१९९८ मध्ये मानेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज खोल, खरखरीत झाला. तरुणपणी लिहिलेल्या म्हाताऱ्यांच्या गाण्यांना हाच आवाज अधिक शोभतो. पहिल्या अल्बममधला त्याचा अनुनासिक स्वर त्या गाण्यांपुढे पोरसवदा वाटतो. ‘फेअर अँड स्क्वेअर’ला (२००५) पुन्हा ग्रॅमी मिळाले. २०१३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, तरी दौरे चालूच राहिले. ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ (२०१८) अमेरिकेतील लोकप्रिय अल्बमांच्या ‘बिलबोर्ड’ यादीत पाचव्या क्रमांकावर पोचला. कारकिर्दीतले त्याचे हे सर्वोच्च स्थान. २०२० मध्ये त्याला ग्रॅमीचा जीवनगौरव लाभला. त्याच वर्षी नॅशव्हिल येथे कोविडने त्याचे निधन झाले. ‘आय रिमेंबर एव्हरीथिंग’ या अखेरच्या गीताला २०२१ मध्ये दोन ग्रॅमी मिळाली.