गोधडी शिवायला टाकताय? नमुना घरातूनच आणा

आमच्याकडे येणारे बरेच जण आधी मोबाइल पुढे करतात. "अशीच पाहिजे." चित्र देखणं असतं, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण ते चित्र बहुतेक वेळा नव्याकोऱ्या, मीटरवर फाडून घेतलेल्या कापडाचं असतं. आणि पिशवीतून निघतं काय, तर आईची दोन सुती लुगडी, एक विरलेलं धोतर, लेकीचा शाळेचा निळा गणवेश आणि एखादी नायलॉनची साडी. एवढ्यातून ते चित्र निघत नाही. वेगळं काहीतरी निघतं, आणि पुष्कळदा ते चित्रापेक्षा बरं असतं. ते कसं शोधायचं हे अंबाजोगाईत दुकानात येणाऱ्यांना आम्ही चहा घेता घेता सांगतो. बाहेरगावाहून कपडे पाठवणाऱ्यांसाठी हा कागद.

आधी कपडा

कपडा उजेडासमोर धरा आणि दोन अंगठ्यांत हलकेच ताणा. सूत सरकून जाळी दिसली तर तो कपडा पोटात जाईल, म्हणजे मधल्या थरात. टिकला तर वर येईल. लुगड्याचं अंग बसण्या-उठण्यानं झिजतं, काठ मात्र तसाच राहतो. म्हणून काठ कापून टाकू नका, कडेला लावायला त्याच्याएवढं चांगलं काही मिळत नाही. नायलॉनच्या साड्या शक्यतो नकोतच. त्या घसरतात, घाम टिपत नाहीत, आणि शेजारच्या जुन्या सुताला ओढून फाडतात.

अंदाज साधा आहे. पाच बाय सात फुटांची गोधडी धरा. सहावारी साडीत जोड देत देत जेमतेम दोन थर बसतात, विरलेला भाग काढला तर दीडच. नऊवारीत तीन थरांना पुरेल एवढा कपडा असतो. आम्ही चार थर घालतो. त्यामुळे तीन सहावारी आणि वरच्या तोंडासाठी एक बऱ्यापैकी धडका कपडा आणला की काम भागतं. आत कापूस किंवा फोम भरत नाही. आपल्याकडे मार्चनंतर पाण्याची काय तऱ्हा असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कापूस भरलेली रजई घरी धुणं म्हणजे शिक्षाच. नुसत्या थरांची गोधडी दोन बादल्यांत निघते आणि एका उन्हात वाळते.

रंगाबद्दल एक आमचीच चूक सांगतो. पहिल्या वर्षी एका बाईंचं लालभडक लुगडं पांढऱ्या धोतराला लावलं. पहिल्याच धुण्यात अख्खी गोधडी गुलाबी. बाई काही बोलल्या नाहीत, पैसेही पूर्ण दिले, तेच जास्त लागलं. तेव्हापासून प्रत्येक कपड्यावर ओला पांढरा रुमाल घासल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्हीही घरी घासून बघा. रंग लागला तर तो कपडा वेगळ्या पिशवीत घाला.

पैठणी आणि हिमरू (सूत-रेशमाचं नक्षीदार कापड) आम्ही कापत नाही, कितीही फाटलेली असली तरी. पैठणीची जर अंगाला टोचते, काळी पडते. आणि दुसरं म्हणजे, हात होत नाही.

मग नमुना

नमुना म्हणजे फूल, मोर, कोयरीच असं नाही. तुमच्या घरात रोज डोळ्यांसमोर असलेली आणि म्हणूनच न दिसणारी एखादी गोष्ट आम्हाला हवी असते. कागदावर वेडीवाकडी काढून आणा, चित्रकला यायची गरज नाही.

एका गिऱ्हाइकाचं उदाहरण देतो. त्यांचं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, जुनं घर पाडायचं होतं. आजीच्या लुगड्यांची गोधडी करायची, पण नमुना सुचेना. आम्ही विचारलं, त्या घरातलं काय आठवतं? बराच वेळ गप्प बसून ते म्हणाले, झरोक्यातून पडणारा उन्हाचा चौकोन. सकाळी कणगीपाशी असायचा, दुपारी मधोमध, आणि तिथं पोचला की आजी जेवायला हाक मारायची. आम्ही तपकिरी आणि काळपट निळ्या लुगड्यांच्या गोधडीत एकच पिवळा चौकोन घातला, मध्यावर नाही, जरा बाजूला. बाकी काही नाही. दुकानात टांगली होती तेव्हा तिच्यासमोर जेवढे लोक थांबले, तेवढे भरगच्च मोरांच्या गोधडीसमोर थांबले नाहीत.

दुसरं उदाहरण आमच्याकडे शिवणाऱ्या एका मावशींचं. त्या दरवर्षी ऊसतोडीला जातात. एका उन्हाळ्यात परत आल्यावर त्यांनी स्वतःसाठी वाकळ शिवली. तिच्यातले धावदोरे एका टोकाला चार-चार बोटांवर आणि दुसऱ्या टोकाला इतके जवळ आलेले की बोट ठेवायला जागा नाही. आम्हाला वाटलं, चुकल्या. तर म्हणाल्या, "ट्रॉलीत मागं तोंड करून बसा की. सऱ्या अशाच मिटत जातात." त्यांनी फक्त बसल्या जागेवरून बघितलं होतं. दाट टाक्यांचं टोक ताठ झालं, म्हणून ते पायाकडं घेतात, एवढीच काय ती तोशीस.

अशा जागा आपल्याकडं पावलोपावली आहेत. येळवसीला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात कडब्याची कोपी (खोप) घालता, तिचा त्रिकोण घ्या. चातुर्मासात दारात ३३ गोपद्मं काढणाऱ्या बायकांना तर आम्ही काही शिकवायला जातच नाही. ठिपके मोजून रेघ वळवायची सवय बोटांत असतेच, तीच सुईत उतरते. पोळ्याला बैलाच्या पाठीवर पडणारी झूल, वाळत घातलेल्या सांडग्यांच्या रांगा, पन्हाळीच्या पत्र्याच्या सावल्या. मात्र एका गोधडीत एकच. कोपी, गोपद्म आणि बैल तिन्ही आणलंत तर दोन परत देऊ.

चौकोनांची वाटणी कशी करावी हे पाहायचं असेल तर अजिंठ्याला जा. आपल्यातले बहुतेक जण शाळेच्या सहलीत जाऊन आलेले असतात आणि पद्मपाणीसमोर गर्दी करून परततात. आता गेलात तर १ नंबरच्या लेण्यात मान वर करा. छत चौकटींमध्ये वाटलेलं आहे. कुठं कमळ, कुठं फळं, कुठं पक्षी, एका चौकटीत तर हत्ती. चौकटींचा हिशेब एक, पण आतला ऐवज प्रत्येक ठिकाणी निराळा. ठिगळांच्या गोधडीला नेमकं हेच लागतं. बाहेरची रेघ कडक ठेवा, आत मोकळीक घ्या. ही चित्रं मुख्यतः पाचव्या शतकातली. आम्ही मात्र तिथली फुलं उतरवून घेत नाही, वाटणी घेतो.

तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या आरसेकामाबद्दलही बरेच जण विचारतात. ते काम हवं असेल तर ते करणाऱ्या बायकांकडूनच करून घेतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. मशीनवर नक्कल करून देत नाही. शिवाय आरसे आणि कवड्या अंगावर घ्यायच्या गोधडीत नकोत, भिंतीवर टांगायची असेल तरच.

टाके आणि पैसे

"नुसता धावदोरा तर आहे, एवढे पैसे कशाचे?" हे आम्हाला आठवड्यातून एकदा ऐकायला मिळतं. हिशेब तुम्हीच करा. पाच बाय सात फूट, दोन ओळींत दोन बोटांचं, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटरचं अंतर. सगळ्या ओळी सरळ मांडल्या तर शंभर मीटरच्या पुढे जातात. सेंटिमीटरला एक टाका धरला तर दहा हजारांवर टाके, तेही चार थरांतून. घरकाम सांभाळून एका बाईला दहा-बारा दिवस लागतात.

स्वतः शिवायची हौस असेल तर आम्ही कापून, थर लावून, कच्चे टाके घालून देतो, पुढचं तुम्ही करा. पहिल्यांदा लेकराचं दुपटंच घ्या, तीन फुटांचं. अख्ख्या गोधडीनं सुरुवात करणारे पावसाळ्यात सुरू करतात आणि संक्रांतीला आमच्याकडं आणून टाकतात. सपाट फरशीवर पसरून चार कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवा, पाटा-वरवंटा उत्तम. कडेपासून आत चौकोनी फेरे घेत या आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तळहातानं कपडा आत सारवल्यासारखा पसरा, नाहीतर मध्ये फुगा धरतो. दोऱ्याला मेण लावा. टाके एकसारखे येणार नाहीत, येऊ नयेत असं आमचं मत. मशीनच्या टाक्यांशी बरोबरी करायचीच कशाला?

ओळखीच्या एका आजींनी उसवायला आणलेल्या वाकळेच्या पोटात गोणपाटाचा तुकडा निघाला. ७२ च्या दुष्काळात लुगडं कमी पडलं म्हणून घातला होता, म्हणाल्या. नवीन गोधडीत तो तसाच परत घाला असं त्यांनी सांगितलं. आम्ही घातला. तुमच्या कपड्यांमध्ये असं काही असेल तर चिठ्ठी लावून कळवा, नाहीतर आम्ही निरुपयोगी समजून बाजूला काढू.

कधी द्यावी

आमच्याकडे शिवणाऱ्यांपैकी निम्म्या बायका दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखाने बंद झाले की परततात. त्या काळात काम निम्म्यानं होतं. थंडीसाठी गोधडी हवी असेल तर कपडे पोळ्याच्या आधी आमच्या हातात पडले पाहिजेत. बाळंतपणासाठी दुपटी हवी असतील तर सातव्या महिन्यात सांगा. नवव्यात सांगणारेही येतात, त्यांना आम्ही दुकानातलं तयार दाखवतो.

कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा. इस्त्री नको. हुक, बटणं काढलीत तर आमचा अर्धा दिवस वाचतो. गोधडी घरी नेल्यावर पहिले दोन वेळा गार पाण्यात एकटीच धुवा, पिळू नका, दांडीवर टाकून निथळू द्या. उसवलेला टाका दिसला की घेऊन या. त्याचे पैसे घेत नाही.