साबणाला दिलेलं श्रेय

"मला ना ओसीडी आहे, पसारा बघवतच नाही," असं कुणी कौतुकानं सांगितलं की मला राग येतो. ओसीडी हा नकोसे विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींचा मानसिक आजार आहे. टापटीप आवडणं वेगळं. दाराची कडी लागली म्हणून कोपरापर्यंत हात धुवायचे, नळ बंद करताना हात पुन्हा नळाला लागला म्हणून परत पहिल्यापासून सुरुवात करायची, हे वेगळं. संसर्गाच्या भीतीचा ओसीडी असलेल्या माणसाला या धुण्यात काडीचाही आनंद नसतो. हे अति होतंय, हेही बहुतेकांना कळत असतं. कळतं पण वळत नाही, तो आजार असतो म्हणून.

किळस मुळातच तर्काला जुमानत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं. जंतू नाहीत हे माहीत असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. ओसीडीत हीच भावना बेसुमार पसरते. कडीवरून हाताला, हातावरून फोनला, फोनवरून उशीला. आणि वाटेत ती जराही पातळ होत नाही.

हात धुतले की जीव भांड्यात पडतो. खरी गोम तिथेच आहे. भीती उतरली, म्हणून पुढच्या वेळी धुण्याची ओढ आणखी घट्ट होते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. शिवाय काहीच वाईट घडलं नाही याचं सगळं श्रेय मेंदू साबणाला देऊन टाकतो. न धुताही काही घडलं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

ती संधी मुद्दाम द्यायची, या उपचाराचा पाया मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली घातला. भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि नंतरची धुण्यासारखी कृती करायची नाही. पूर्वी समजूत अशी होती की अशानं भीती झिजत जाते. आता चित्र थोडं वेगळं दिसतं. जुनी 'कडी म्हणजे धोका' ही आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'कडी, आणि काही झालं नाही' अशी दुसरी आठवण तयार होते. मेंदूच्या पुढच्या भागातलं जाळं या दुसऱ्या आठवणीच्या जोरावर अमिग्डालाला, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाला, आवर घालतं. 'काहीतरी वाईट घडेल' हा अंदाज जितका जोरात चुकतो, तितकं हे शिकणं पक्कं होतं. पण नवी आठवण जागेला आणि प्रसंगाला चिकटलेली असते. म्हणून घरच्या कडीवर जमलेलं दवाखान्याच्या दारात जमेलच असं नाही, आणि ताणाच्या दिवसांत जुनी भीती पुन्हा डोकं वर काढते.

त्यामुळे कडीला हात लावून, ओले न केलेले तेच हात घेऊन पुस्तकाची पानं उलटत बसणं हा मोठा विजय आहे. छाती अर्धा तास धडधडत राहिली तरीही. नंतर दुसरं दार, दुसरी वेळ, थकलेला दिवस. 'एकवीस दिवसांत ओसीडीपासून कायमची मुक्ती' विकणाऱ्यांना ही आठवणींची भानगड ठाऊक नसते, किंवा सोयीची नसते. हा सराव प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर, सोप्यापासून अवघडाकडे करायचा असतो. गरजेनुसार सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी औषधंही जोडीला असतात.

घरच्यांनी एक ध्यानात ठेवावं. "हात स्वच्छ आहेत ना?" या प्रश्नाला दहाव्यांदा दिलेलं "हो गं, आहेत" हे उत्तरही साबणाचंच काम करतं. थेरपिस्टशी आणि ओसीडी असलेल्या त्या व्यक्तीशी आधी ठरवून, त्याऐवजी "भीती वाटतेय ना? मी इथेच बसतो," एवढंच म्हणता येतं.