टायरदाब निरीक्षक, प्रवासी ट्रेलरचा

मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या राहत्या ट्रेलरच्या टायरांतील हवेचा दाब व तापमान गाडी चालू असताना चालकाला दाखविणारी बिनतारी यंत्रणा. प्रत्येक चाकाला एक सेन्सर, चालकासमोर एक पडदा आणि लांब ट्रेलरसाठी मध्ये एक रिपीटर (सेन्सरचे संदेश पुढे पोचविणारा), असे तिचे भाग असतात. हिचा वापर मुख्यतः अमेरिका व कॅनडात आढळतो आणि प्रस्तुत नोंदीतील आकडे तिकडच्या टायरांचे व एककांचे आहेत (दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचास पौंड).

मोटारीचे टायर बसले की स्टिअरिंगला ते जाणवते. ट्रेलरचे बसलेले टायर मात्र पुढच्या गाडीतील माणसाला बहुधा जाणवतच नाही. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये शेजारचे चाक भार उचलून धरते, त्यामुळे ट्रेलर झुकलेलाही दिसत नाही. हवा गेलेल्या टायरची बाजू सतत दुमडून तापते, टायर फाटते आणि सुटलेला रबराचा पट्टा चाकावरचा पत्रा, सांडपाण्याचे नळ, वायरिंग, प्रसंगी गॅसची नळी तोडतो. दरम्यान जोडीचे टायर दुप्पट भार वाहत असते, म्हणून थोड्या अंतराने तेही जाते.

इतिहास : प्रवासी मोटारीत ही यंत्रणा प्रथम केव्हा आली याबद्दल थोडा मतभेद आहे. बहुतेक संदर्भ १९८६ ची पोर्शे ९५९ पुढे करतात. ती गाडी ग्राहकांच्या हाती मात्र १९८७ च्या सुमारास पडू लागली. कॉर्व्हेटच्या १९८७ च्या पर्यायांत कमी दाबाचा इशारा होता असे अमेरिकी लेखक दाखवून देतात, पण तिथेही तो नियमितपणे मिळू लागला तो १९८९ पासून. उत्पादन हा निकष धरल्यास पोर्शेचा दावा अधिक सबळ वाटतो. युरोपात मोठ्या संख्येने प्रसार झाला तो पुढे, प्यूजो ६०७ (१९९९) व दुसरी रेनॉ लागुना (२०००) या गाड्यांमुळे.

सक्तीचा इतिहास अधिक स्पष्ट आहे. फोर्ड एक्स्प्लोररवरील फायरस्टोन टायर फाटून झालेल्या अपघातांनंतर ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागविले गेले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत टायरसुरक्षेचा ‘ट्रेड’ (TREAD) कायदा झाला. त्याखालील पहिला नियम २००३ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला. एप्रिल २००५ मध्ये आलेले संघीय मानक क्र. १३८ आजही लागू आहे. शिफारशीपेक्षा दाब २५ टक्के कमी झाला की वीस मिनिटांच्या आत दिवा लागलाच पाहिजे, हे त्याचे सार. ते १०,००० पौंडांपर्यंतच्या (४,५३६ किग्रॅ.) मोटारींना लागू आहे, ट्रेलरना नाही. युरोपीय संघाने २०२४ पासून नव्या अवजड ट्रेलरना ही यंत्रणा सक्तीची केली, पण साडेतीन टनांखालचे राहते ट्रेलर त्यातूनही सुटले. म्हणून प्रवासी ट्रेलरवरील निरीक्षक ही बहुतांशी मालकाने स्वतः विकत घेऊन बसविण्याची वस्तू राहिली. २०१९ पासून काही अमेरिकी पिकअप ट्रकांच्या पडद्यावरच ट्रेलरच्या टायरांचा दाब दिसण्याची सोय मिळते.

प्रकार : मोटारींत एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकगतीवरून दाबाचा अंदाज घेणारी अप्रत्यक्ष पद्धतही चालते. प्रवासी ट्रेलरचे ब्रेक बहुधा विद्युत ड्रमचे असतात व चाकाला गतिमापक नसतो, त्यामुळे इथे प्रत्यक्ष मोजणारा सेन्सरच लागतो. त्याचे तीन प्रकार आहेत.

टोपीसारखा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकावर फिरवून बसतो. तो हलका असतो आणि त्याची नाण्याएवढी बॅटरी मालकाला बदलता येते. हवा भरताना मात्र तो काढावा लागतो. आरपार सेन्सरला हवा भरण्यासाठी वेगळे तोंड असते, त्यामुळे तो जागेवरच राहतो, पण तो लांब व जड असतो. आतला सेन्सर रिमला व्हॉल्व्हच्या बुडाशी किंवा पट्ट्याने बांधतात. तो चोरीला जात नाही आणि आतल्या हवेचे तापमान जास्त विश्वासाने देतो, पण त्यासाठी टायर उतरवावे लागते. बॅटरी बहुधा कायमची बसविलेली असल्याने काही वर्षांनी सेन्सरच बदलावा लागतो.

बाहेरच्या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट खरेदीदाराच्या सहसा लक्षात येत नाही. सेन्सर बसला की तो व्हॉल्व्हची पिन सतत दाबून धरतो. म्हणजे त्यानंतर हवा रोखून धरते ती पिन नव्हे, तर सेन्सरमधील रबरी वॉशर. वॉशर जुना झाला किंवा दगड लागून सेन्सर मोडला तर टायर निरीक्षकामुळेच बसते.

व्हॉल्व्ह : रिमच्या भोकात ओढून बसविलेला साधा रबरी व्हॉल्व्ह (टीआर ४१३) कमाल ६५ पीएसआयसाठी असतो. चाक फिरताना टोकावरचे वजन त्याला बाहेर खेचते व बुडाशी वाकवते. वाकून वाकून रबराला तडे जातात. आरपार सेन्सरसाठी नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह आवश्यक समजावा. टोपी-सेन्सर चांगल्या रबरी व्हॉल्व्हवर चालतो असे पुष्कळ विक्रेते सांगतात. तरीही टायर बदलताना व्हॉल्व्ह धातूचे करून घेणे स्वस्तात पडते. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी आट्यांचा सेन्सर ओलाव्यात व मिठात गंजून चिकटतो. पुढे पकडीने फिरवताना व्हॉल्व्हच तुटतो. आट्यांना अगदी पातळ अँटी-सीझ (चिकटू न देणारे वंगण) लावून हा त्रास टळतो.

थंड दाब किती असावा : निरीक्षकाच्या सगळ्या मर्यादा या एका आकड्यावर बसवायच्या असतात आणि नेमका तोच वादाचा आहे. ‘थंड’ म्हणजे किमान तीन तास उभ्या असलेल्या, ऊन न लागलेल्या टायरचा दाब. ट्रेलरसाठीच्या ‘एसटी’ टायरांत भारश्रेणी सी ला ५०, डी ला ६५ व ई ला ८० पीएसआय असा कमाल भाराचा दाब साधारणपणे कडेवर छापलेला असतो. ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढच्या अर्ध्यात लावलेल्या पट्टीवर बहुधा तोच आकडा दिसतो, कारण कारखाना भारापुरतेच टायर बसवितो.

एका पक्षाचे म्हणणे, कडेवरचाच दाब ठेवावा. जवळजवळ असलेल्या दोन आसांचा ट्रेलर आखूड वळणावर वळतो तेव्हा टायर घासत आडवे ओढले जातात आणि त्यांच्या आतल्या थरांवर एकमेकांपासून सरकण्याचा ताण येतो. भरपूर हवा हा ताण व उष्णता कमी करते. दुसरा पक्ष प्रत्येक चाक काट्यावर तोलून, उत्पादकाच्या तक्त्यातून दाब काढून त्यावर १० ते १५ टक्के राखीव धरतो. टणक टायरांवर ट्रेलर उडतो, आतले कपाटांचे स्क्रू सैल होतात व टायर मधोमध झिजते, हा त्यांचा मुद्दा. एकाच आसाच्या हलक्या ट्रेलरला दुसरे मत पटण्यासारखे आहे. दोन आसांच्या ट्रेलरला मात्र पहिलेच अधिक सुरक्षित दिसते. डी श्रेणीचे टायर बदलून ई श्रेणीचे घालणाऱ्यांनी आधी रिमवर कोरलेला कमाल दाब व व्हॉल्व्हची जात पाहावी. दोन्ही ६५ चे असतील तर टायर ८० चे असून उपयोग नाही.

इशाऱ्याच्या मर्यादा : अनेक संच मोटारींच्या धर्तीवर २५ टक्क्यांचा खालचा इशारा गृहीत धरतात. ट्रेलरला तो पुरत नाही. एसटी २२५/७५ आर १५ हे टायर ६५ पीएसआयला २,५४० पौंड उचलते, ५५ ला २,२७० आणि ५० ला २,१५०. चाकावर २,२०० पौंड भार असेल, तर २५ टक्के घसरणीचा इशारा सुमारे ४९ पीएसआयला वाजेल. तोवर टायर अतिभाराखाली पळत आलेले असेल. १० टक्क्यांची मर्यादा (सुमारे ५८) लावली तर अजून थोडी गुंजाईश हातात असते. खालची मर्यादा ठरविताना टक्केवारीपेक्षा चाकावरचा भार पाहावा.

वरची मर्यादा २० ते २५ टक्के ठेवतात. २० अंश से.ला ६५ पीएसआय भरलेल्या टायरमधील हवा ५० अंशांवर गेली की दाब सुमारे ७३ होतो, हे नैसर्गिक आहे. ५ अंशांच्या पहाटे हवा भरून दुपारी वाळवंटात गेले आणि आतली हवा ७० अंशांवर पोचली, तर तोच ८३–८४ दिसेल व इशारा वाजेल. अशा वेळी तापलेल्या टायरची हवा काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. दुसऱ्या सकाळी ते टायर कमी हवेवर निघते. समुद्रसपाटीला भरलेले टायर डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मी. उंचीवर साधारण अडीच पीएसआय अधिक दाखवते, तेही दुर्लक्षणीय.

तापमानाचा इशारा बहुधा ७० अंश से.ला असतो. टोपी-सेन्सर वाऱ्यात असल्याने खरे तापमान कमी दाखवतो. आकड्यापेक्षा तुलना उपयोगी पडते : उन्हाची बाजू सोडून एकच चाक इतरांहून स्पष्टपणे गरम असेल, तर ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातेय असे समजून हात न लावता तपासावे.

बसविण्याची रीत : सर्व टायर सकाळी, स्टेपनीसह, एकाच खात्रीच्या गेजने भरावेत. सेन्सर चाकावर लावण्यापूर्वी पडद्याजवळ एकेक करून जोडावेत व त्यावर चाकाची जागा लिहावी. सगळे एकदम बॅटरी घालून जवळ ठेवले तर जागांची अदलाबदल होते. मग थंड दाब व दोन्ही मर्यादा भराव्यात. सेन्सर हातानेच आवळावा, हिस्स आवाज थांबल्यावर पाव फेरा पुरे. साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत आणि दुसऱ्या सकाळी दाब पुन्हा तपासावा. सेन्सर व गेज यांत एक-दोन पीएसआयचा फरक पडतोच. शेवटी एक सेन्सर सैल करून इशारा खरोखर वाजतो का ते पाहावे. ही चाचणी बहुतेक जण टाळतात.

रिपीटर ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात बसवून फ्यूजसह १२ व्होल्टला जोडतात. ट्रेलरचे मुख्य बटण बंद केल्यावर वीज तोडणाऱ्या तारेवर तो जोडला गेल्यास प्रवासात तो मेलेलाच राहतो. ‘मागच्या चाकांचे आकडे येत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघते. ॲल्युमिनियमचा पत्रा, पोलादी चौकट आणि कडाक्याच्या थंडीत मंदावलेली बॅटरी ही बाकीची कारणे. उभ्या ट्रेलरचे सेन्सर झोपतात, म्हणून निघताना पडद्यावरचा आकडा ताजा आहे की कालचा हे पाहावे लागते. चाकांची अदलाबदल केल्यावर सेन्सरच्या जागाही बदलून भरायच्या असतात. पंक्चरचे द्रव रसायन आतल्या सेन्सरचे छिद्र बुजवते.

मंद गळती पकडणे हे या यंत्रणेचे खरे काम. रबराचा पट्टा आतून सुटत असेल तर हवा शेवटपर्यंत शाबूत राहते व पडदा काहीच सांगत नाही. जुने टायर त्यामुळे निर्धास्त होत नाही.

भारतात १ ऑक्टोबर २०२० पासून ट्यूबलेस टायर, दुरुस्तीसंच व दाबनिरीक्षक असलेल्या लहान प्रवासी मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. इकडचे कॅराव्हान बहुतेक एकाच चासीवर बांधलेले असल्याने ट्रेलरसाठीचे रिपीटरसह संच क्वचितच पाहायला मिळतात.