ताइता केवळ टेफचीच असते का?

इरिट्रियाची ताइता, म्हणजे शेजारच्या इथिओपियात इंजेरा म्हणून ओळखली जाणारी आंबट, जाळीदार पोळी, केवळ टेफ या बारीक धान्याचीच असते आणि म्हणून ग्लुटेन (काही धान्यांतले चिकट प्रथिन) वर्ज्य असलेल्यांनी ती निर्धास्त खावी, हा समज बरीच वर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे. टेफ महाग पडत असल्याने अनेक घरांत त्यात ज्वारी, जव किंवा गव्हाचे पीठ मिसळतात. काही दिवस आंबवलेले हे पातळ पीठ तापलेल्या मोगोगोवर, म्हणजे तिथल्या सपाट तव्याच्या चुलीवर, कडेकडून मध्याकडे गोल ओततात, जाळी पडू लागताच झाकण ठेवतात. उलथत मात्र नाहीत. जव आणि गहू या दोहोंत ग्लुटेन असते, आणि घरगुती आंबवण्याने ते नाहीसे होईल असा भरवसा धरता येत नाही. टेफ पांढरा आणि तपकिरी अशा दोन्ही रंगांत येत असल्याने रंगावरूनही काही कळत नाही. पथ्य असणाऱ्याने पिठात काय आहे, हे विचारूनच घ्यावे.