आयसीयूतला अलार्म आणि 85 चा आकडा

मध्यंतरी काका आयसीयूत होते, काचेतून मॉनिटर बघत बसण्याशिवाय काम नव्हतं. काकांनी चादर ओढली की ऑक्सिजन 98 वरून धाडकन 85-86, लगेच टिंगटिंग सुरू, आणि सिस्टर शेजारच्या पेशंटची सलाईन बदलता बदलता हात लांब करून बटण दाबून मोकळ्या. काकू रडायच्या बेतात. मलाही राग आला, पण दर वेळी 85 च्या आसपासच का, हे डोक्यात बसलं.

हा आकडा देणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आहे. त्यात दोन प्रकाश असतात, लाल आणि इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, नसलेलं लाल. पण बोटात कातडी, हाड, शिरांतलं रक्त सगळंच आहे, मग धमनीतलं रक्त वेगळं कसं काढायचं? जपानच्या ताकुओ आओयागींनी 1974 मध्ये युक्ती काढली, ठोक्यागणिक जेवढं कमीजास्त होतं तेवढंच धरायचं, स्थिर ते सोडून द्यायचं. मग लालमधला चढउतार भागिले इन्फ्रारेडमधला (दोन्ही आधी आपापल्या स्थिर प्रकाशाने भागून घ्यायचे). उत्तर अर्ध्याच्या आसपास आलं तर ऑक्सिजन मस्त, 1 आलं तर साधारण 85. आता बोट हललं की शिरांतलं रक्तही हेलकावतं, दोन्ही प्रकाशांत सारखीच खळबळ होते, म्हणजे भागाकार 1 कडे सरकतो. आलं ना लक्षात? मशीनचं गणित बरोबरच आहे, ठोका म्हणून मोजलंय ते चादर ओढणं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉस्पिटलात 2013 मध्ये 77 आयसीयू बेडचे अलार्म 31 दिवस नोंदवले, 25 लाखांच्या वर भरले. ऐकू येणारे बेडमागे रोज 187! हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीचे जे 12,671 तपासले त्यातले 88.8 टक्के खोटे. एवढं ऐकून कोणाचेही कान बधिर होतील, सिस्टर काय यंत्र आहेत का.

यावर लगेच 'एआय मॉनिटर' विकणारे येतातच. पण आकडा पडल्यावर दहा-पंधरा सेकंद थांबून मगच वाजायचं, एवढ्या साध्या सेटिंगनेही बरेच फुकटचे अलार्म जातात, कारण चादर तोवर ओढून झालेली असते. खरंच ऑक्सिजन पडत असेल तर आकडा खालीच राहतो, फक्त किती थांबायचं ते डॉक्टरांनी पेशंट बघून ठरवायचं. आणि जागतिक आरोग्य संघटना पेशंटच्या खोलीत 35 डेसिबलच्या वर आवाज नको म्हणते, तिथे आपण उशाशी मोबाईलवर महामृत्युंजय लावून ठेवतो, त्याने ऑक्सिजन वाढत नाही हो, झोप मात्र जाते.

संध्याकाळी ड्यूटी बदलली. नव्या सिस्टरनी बघितलं तर बीपीचा पट्टाही प्रोबच्याच (म्हणजे ऑक्सिमीटरच्या बोटावरच्या चिमट्याच्या) हाताला, तो फुगला की बोटातला ठोकाच गायब. प्रोब दुसऱ्या हाताला लावला, वायर मनगटाला टेपने चिकटवली. आम्ही दहाला निघेपर्यंत एकदाच वाजला, तोही शेजारचा.