ती रुसलेली नाही, तिचं पोट बंद आहे

रस्त्यावरची कुत्री बुंदी आमच्या घरी आली त्या दिवशी मी तिच्यापुढे जे काय काय मांडलं ते बघून आई म्हणाली, अगं रुखवत आहे का हे? डॉग फूड झालं, दहीभात झाला, उकडलेलं चिकन, अंडं, शेवटी पारले-जी. एकालाही तोंड लावलं नाही. ऐरोलीतला आमचा वन बीएचके, त्यात सोफ्याखाली भिंतीला चिकटून बसलेली, मी वाटी एक वीत पुढे सरकवली की ती एक वीत मागे, आणि मग मागे भिंत, म्हणजे जायला जागाच नाही, तरी मी आपली "खा ना गं बाळा" करत वाकून तिच्या डोळ्यात बघतेय. दुसऱ्या दिवशी आईला वाटलं नजर लागली, तिने मीठमोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या, मोहऱ्या तडतडल्या आणि बुंदीने तिथल्या तिथे सू केली.

मला वाटत होतं ती रुसलीये, किंवा तिला रस्ता आठवतोय. फोनवर व्हेट मॅडमनी आधी दोनच प्रश्न विचारले, पाणी पितेय का आणि हिरड्या गुलाबी आहेत का, आणि मग म्हणाल्या, तिला भूक आहे पण पोट बंद आहे, तुम्ही जरा लांब व्हा.

पोट बंद, हे शब्दशः खरंय. एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्यानंतर दोनेक वर्षांतच अमेरिकेत वॉल्टर कॅनन नावाचा मेडिकलचा विद्यार्थी मांजरांना बिस्मथ (एक्स-रेत उठून दिसणारी धातूची पूड) मिसळलेलं खाणं देऊन त्यांचं जठर कसं हलतं ते एक्स-रेवर बघत बसायचा. जठराच्या लाटा मस्त एकामागून एक चाललेल्या, पण मांजर बिथरलं की लाटा थांबायच्या, आणि ते शांत झालं की परत सुरू. 'लढा किंवा पळा' ही जी कल्पना आपण शाळेत ऐकतो ती पुढे याच कॅननने मांडली. शरीराचा हिशोब साधा आहे, वाघ मागे लागलाय तेव्हा जेवण पचवत कोण बसणार, म्हणून रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळवायचं, तोंडातली लाळ आटवायची, आतडी मंद करायची. वर मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं रसायन सोडतो, त्यानेच पुढे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, आणि हे सीआरएच स्वतःच भूक मारतं. म्हणजे समोर चिकन आहे हे नाकाला कळतंय पण आतून ऑर्डरच येत नाहीये. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या कुत्र्यांचं कॉर्टिसॉल मोजलं तर पहिले तीनेक दिवस चढलेलं दिसतं, मग हळूहळू उतरतं. नवं कुत्रं घरात रुळायला "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" वालं गणित सगळे सांगतात ना, ते अंदाज म्हणून ठीक आहे, नियम म्हणून कॅलेंडरवर लिहू नका.

आता बघा मी काय करत होते. डोळ्यात डोळे घालून वाटी पुढे ढकलत होते. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कुत्रा आणि माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांचंही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं संप्रेरक, वाढतं, खूप गोड आहे हे, पण ती ओळखीची जोडी होती. अनोळखी माणसाने रोखून बघणं ही कुत्र्याच्या भाषेत धमकीच. ती जांभया देत होती, जीभ सारखी नाकावर फिरवत होती, मला वाटलं झोप आलीये. ती ताणाची लक्षणं निघाली.

मग मी सगळा रुखवत उचलला. वाटी सोफ्याच्या कोपऱ्याशी ठेवायची, आपण दुसऱ्या खोलीत जायचं, वीस मिनिटांनी न बोलता उचलायची, रोज त्याच वेळेला. पाणी मात्र कायम. पदार्थही तोच, कारण तासातासाला नवा वास येत राहिला तर घाबरलेल्या जनावराला अजून एक अनोळखी गोष्ट मिळते, बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या कोळीण काकी आल्या, मला म्हणाल्या, "पोरी, कुठून आणलीस तिला?" मी सांगितलं, दिवागावात मासळीवाल्यांच्या मागे राहायची, स्कूटरने उडवली म्हणून एका ताईंनी उचलली. काकी हसल्याच. अर्ध्या तासाने त्यांनी चिमूटभर सुका जवळा पाठवला. धुऊन, खारटपणा काढून, कोमट भातात कालवला. रात्री अकराला मी बेडरूममध्ये अंधारात कान देऊन बसलेले, आणि स्टीलची वाटी फरशीवर सरकल्याचा आवाज आला, मग चाटल्याचा, मग वाटी थेट टीव्हीच्या टेबलापर्यंत ढकलत नेल्याचा.

जवळ्यात जादू नाही. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या साधारण १७००, आपल्या ९००० च्या आसपास, म्हणजे चवीत ते आपल्यामागेच. पण वासाच्या पेशी आपल्या ५०-६० लाख तर त्यांच्या २० कोटींच्या वर. जेवण कोमट केलं की वासाचे रेणू जास्त उडतात, म्हणून फ्रिजमधलं गार चिकन आणि कोमट चिकन या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी. आणि ओळखीचा वास म्हणजे हे खाऊन आपण मागे मेलो नाही, एवढी खात्री. भाताचं टेन्शन घेऊ नका, पिठूळ पचवणाऱ्या एएमवाय२बी जीनच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०, हे २०१३ मध्ये समोर आलंय. फक्त आपल्या ताटातलं उरलेलं नको, कांदा-लसूण त्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. मनुकाही नकोत.

पण प्रत्येक उपास भीतीचाच असतो असं नाही, आणि इथे लोक चुकतात. आपल्याकडे गोचिडांचा ताप भरपूर, त्यात पहिली जाते ती भूकच. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली नीट चाचपा. हिरड्या फिकट, ताप १०३ च्या वर, उलटी, रक्ताचे जुलाब, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. मोठं कुत्रं पाणी पितंय तर एक दिवस थांबता येतं, दोन दिवस झाले की व्हेट. पिल्लासाठी अर्धा दिवससुद्धा जास्त. आणि पार हाडं दिसणारं कुत्रं असेल तर प्रेमाने भरमसाठ भरवू नका, उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन पडतं आणि ते जिवावर बेततं, त्याचं डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

उरला कुकर. पहिल्या शिट्टीला बुंदी बाथरूममध्ये, बादलीच्या मागे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हला १९०४ चं नोबेल पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, पण आपल्याला आठवते ती कुत्रा, घंटा आणि लाळ, म्हणजे घंटेमागोमाग खाणं मिळत गेलं की नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते ते. मी घंटेऐवजी शिट्टी घेतली. मोबाईलवर रेकॉर्ड केली, अगदी बारीक आवाजात लावायची आणि लगेच चिकनचा एक तुकडा, ती कान टवकारून बसली तरच आवाज एक घर वाढवायचा, बिचकली तर दोन घरं खाली. महिना गेला यात, मध्ये गणपतीचे ढोल आले आणि आठवडाभराची मेहनत पाण्यात, ती वेगळीच.

आता दुसऱ्या शिट्टीला ती ओट्यापाशी हजर असते. प्रॉब्लेम एवढाच की शेजारच्यांचा कुकर वाजला तरी येऊन बसते, आणि आपल्याकडे आज पोळ्या आहेत हे तिला सांगायची माझ्याकडे काही सोय नाही.